एका शॉकअपचं मोल

भोंगा झाला की आमच्या माळेगावात बायका आधी दोरीवरचे कपडे काढतात. साखर कारखान्याचं धुराडं सुरू झालं म्हणजे काजळी पडणार. काळी, हलकी, जळलेल्या कागदाच्या कपट्यासारखी. फुंकर मारली तर उडून जाते, हात लावला तर पसरते, आणि माझ्यासारख्या माणसानं फुंकर मारायचं ध्यानात यायच्या आत हात लावलेलाच असतो. मी अंथुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. गळीत हंगाम सुरू झालाय की नाही, हे तिथली पोरं माझ्या शर्टाकडं बघून सांगतात.

मग वास येतो. मळीचा, आंबूस-गोड. सुरुवातीला नकोसा वाटतो, चार दिवसांत नाक त्याला घरचा मानतं. रस्त्यावर उसाच्या जोड ट्रॉल्या डुलत निघतात, ट्रॅक्टरवरच्या कर्ण्यातलं गाणं ट्रॅक्टरच्या आधी येतं आणि नंतर जातं. सांडलेला ऊस चाकाखाली चेपून चेपून डांबरावर चिपाडाची पांढरट सतरंजी अंथरली जाते. वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन बायका चाललेल्या असतात आणि त्यांच्या मागं एखादी आशाळभूत शेळी.

यंदाही भोंगा झाला. सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपडे आत घेतले. मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. वास आला आणि मला शॉकअपचा हंगाम आठवला. आमच्या घरात हंगामांना सालाचे आकडे नसतात. कालव्याला पाणी उशिरा आलं तो हंगाम, आबा, म्हणजे माझे वडील, रिटायर झाले तो हंगाम, आणि हा शॉकअपचा. ही गोष्ट पाहुण्यांना सांगायचं काम माझ्याकडं आहे. मधे मधे चुका काढायचं काम सुनीताकडं.

प्राची, आमची मुलगी, तेव्हा अकरावीला होती. बारामतीत शिकायला आलेल्या एका मुलानं वापरलेली माउंटन बाइक तिनं विकत घेतली होती, बक्षिसाचे, भाऊबीजेचे आणि आजोबांनी गुपचूप सरकवलेले पैसे साठवून. ती घरात आली तेव्हा मला वाटलं, सायकल आहे. सायकल म्हटलेलं चालत नाही हे नंतर कळलं.

"बाइक म्हणा, पप्पा."

आबा वाकून तिच्याकडं बघत म्हणाले, "मग पेट्रोल कुठं टाकायचं हिच्यात?"

तिचं वैभव पुढच्या चाकापाशी होतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन जाड नळ्या, आणि त्यांच्यातून वर आलेल्या दोन बारीक, चकचकीत, आरशासारख्या नळ्या. हँडल दाबलं की वरच्या नळ्या खालच्यांत शिरायच्या आणि सोडलं की सावकाश बाहेर यायच्या. प्राची त्याला फोर्क म्हणायची. आम्ही शॉकअप म्हणायचो, कारण आमच्याकडं धक्का खाणाऱ्या प्रत्येक वस्तूला शॉकअपच म्हणतात. पहिल्या दिवशी मी तो इतक्या वेळा दाबून बघितला की सुनीता म्हणाली, "अहो, पोरीची हाय ती. तुमी आपला चहा प्या."

हंगामात डांबरी रस्त्यानं सायकल घालणं म्हणजे ट्रॉल्यांच्या पोटात शिरणं. म्हणून प्राची कालव्याच्या भरावावरून जायची. सुटी असली की थेट अंथुर्ण्याच्या पुढच्या माळावर. तो माळ मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो, पण फळ्यावर तो येत नाही. कालव्याचं पाणी जिथवर पोचतं तिथवर ऊस, गच्च, हिरवा, माणूस हरवेल असा. आणि जिथं पाणी संपतं तिथं हिरवा रंग सुरीनं कापल्यासारखा थांबतो. पलीकडं कुसळी गवत, मुरूम, गोटे, कोरडे ओढे आणि भरपूर आभाळ. एका बांधावर उभं राहून दोन देश बघावेत तसं. प्राचीला तो दुसरा देश आवडायचा.

त्या वर्षी त्याच माळावर जिल्ह्याची निवड चाचणी व्हायची होती. माउंटन बाइकची. तिथून तीन मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार. सुनीतानं लेकीसमोर एकच अट ठेवली होती. निवड झाली तर सायकल राहील. नाही झाली तर विकायची आणि बारावीचं पुस्तक उघडायचं. प्राचीनं एवढ्या पटकन "चालेल" म्हटलं की मलाच धडकी भरली. ज्याला हरायचं कसं असतं ते ठाऊक नसतं तोच असं पटकन चालेल म्हणतो.

पण त्याच्या आधी खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडं घरातल्या एकूण एक हत्याराची आणि वाहनाची पूजा होते. आबा कारखान्यात मिल फिटर होते. त्यांचे पान्हे अजून तेल लावून गुंडाळून ठेवलेले असतात, ते बाहेर येतात. सुनीता गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तिचं शिलाई मशीन येतं. माझी मोटरसायकल, विळा, कुऱ्हाड, मिक्सर, सगळं एका रांगेत. मी एक वर्ष शाळेतला पृथ्वीगोल आणून ठेवला होता, त्यावरून अजून बोलतात. त्या वर्षी रांगेच्या मधोमध प्राचीची सायकल होती. ती मी स्वतः धुऊन आणली होती, ट्रॅक्टर धुतात त्या फवाऱ्यानं. पाणी असं सुटत होतं की चिखल काय, रंगही पळेल. मला फार समाधान वाटलं.

सुनीतानं हळद-कुंकू कालवून पाच बोटं ओढली. नेमकी त्या दोन चकचकीत नळ्यांवर. सायकलीतली सगळ्यात सुंदर जागा तीच होती, तिथंच लावणार ना. वर अक्षता, झेंडूचा हार. सायकल विकायच्या गोष्टी करणारी बाई त्या दिवशी डोळे मिटून तिच्यापुढं बराच वेळ हात जोडून उभी होती. आणि आमच्याकडं पूजेचं पुसत नाहीत. ते आपलं आपण जाईल तेव्हा जाईल. प्राची तशीच, पाच बोटांच्या लाल पट्ट्यांसकट, माळावर गेली.

ते कुंकू गेलं. कुठं गेलं हे आम्ही विचारलं नाही.

दिवाळीच्या मागंपुढं भोंगा झाला, काजळी सुरू झाली आणि शॉकअप कुरकुरायला लागला. आधी बारीक आवाज, दार किलकिलं करावं तसा. मग चकचकीत नळीवर तेलाचं एक काळपट कडं उमटलं. मग तो अर्ध्यातच अडकायला लागला. खड्ड्यात गेला की आत जायचा आणि बाहेर यायचं विसरायचा. प्राचीचे तळवे लाल व्हायचे. जेवताना भाकरी मोडायला डावा हात घ्यायची. विचारलं तर म्हणायची, काही नाही.

मी मदत म्हणून म्हणालो, "हवा कमी असेल. पंक्चरवाल्याकडून मारून आणतो." शॉकअपच्या टोकाला अगदी मोटरसायकलच्या चाकाला असतो तसाच व्हॉल्व्ह होता, मी बघून ठेवला होता. प्राची सायकलीला मिठी मारून उभी राहिली. "पप्पा, प्लीज. कशालाही हात लावू नका."

तिनं पुण्यात फोन करून विचारलं. सर्व्हिसिंगचा आकडा तिनं मला सांगितला आणि मी तो मोठ्यानं परत म्हणून बघितला, एकदा कानाला पटावा म्हणून आणि एकदा मनाला. त्यात थोडी भर घातली तर साधी नवी सायकल येते. घंटी आणि कॅरिअरसकट.

"लूट हाय," आत मशीनवरून सुनीता म्हणाली. मशीन थांबलं नाही.

आबांचा त्रास वेगळा होता. सर्व्हिसिंगला त्यांची ना नव्हती. सगळं आयुष्य त्यांनी हंगाम संपल्यावर मिल उघडण्यात घालवलं होतं. अख्खा कारखाना खोलायचा, रोलर उचलायचे, बेअरिंगं बघायची, सगळं पुसून परत बसवायचं. ते म्हणायचे, "चालू मिलकडं सगळी बगत्यात. बंद मिलकडं फिटर बगतो." पण सायकलीच्या दोन नळ्यांना एवढे पैसे हे त्यांच्या डोक्यात बसत नव्हतं. "आण हिकडं. ग्रीस मारून देतो. ट्रॉलीचं हाय माज्याकडं." प्राचीनं सायकल उचलून माडीवर नेऊन ठेवली.

शेवटी तिनंच स्नेहलचा पत्ता काढला. बारामतीत, एमआयडीसीच्या अंगाला राहणारी तिशीतली मुलगी. आठवडाभर एका कंपनीत नोकरी करायची आणि रविवारी घराच्या मागच्या खोलीत सायकलींचे शॉकअप खोलायची. पुण्यापेक्षा जरा कमी घ्यायची. जराच. मी घासाघीस करायच्या तयारीनं गेलो. बरोबर प्राची, आणि आबाही, कारण ते थांबायलाच तयार नव्हते.

मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी कमी करा. विद्यार्थिनी आहे."

"विद्यार्थिनीचा हात दुखतो की काकांचा खिसा?" स्नेहल हसून म्हणाली. "काका, सीलचे, म्हणजे आतल्या रबरी कड्यांचे, पैसे माझ्या हातात नाहीत, ते बाहेरून येतं. खरं सांगू? ते एवढं महाग का, ते मलाही कळत नाही. थोडं जास्तच लावतात. पण हाताचे पैसे मी कमी करत नाही. पटत नसेल तर बसा आणि बघा. झाल्यावर बोला."

मला एकदम आमचं घर आठवलं. ओट्यावर उभ्या असलेल्या बायका, हातात ब्लाउजपीस, "वहिनी, अस्तराचं एवढं?" आणि सुनीताचं ठरलेलं उत्तर, "कापड तुमचं हाय, हात माझं हायत." जे वाक्य घरात रोज ऐकून मला अभिमान वाटायचा, तेच दुसऱ्याच्या घरात ऐकलं तेव्हा मी पाकीट घट्ट धरून बसलो होतो. मी स्टुलावर बसलो. आबा अर्थात उभेच.

तिनं टोकाच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडली. फुस्स करून एक लांब सुस्कारा. शॉकअप हळूहळू बसला, दमल्या बैलासारखा.

"मंजी आत स्प्रिंग न्हाय?" आबा.

"या बाजूला फक्त हवा, आजोबा. सगळं वजन हवेवर. त्या बाजूला तेल आहे. बारीक भोकातून जातं, म्हणून सावकाश येतं. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला पोरगी वर उडेल."

आबा विचारात पडले. मग म्हणाले, "मंजी ह्यो उसळतोय आन् त्यो आवरतोय. नवराबायकू."

मी मात्र पहिल्याच वाक्यापाशी अडकलो होतो. फक्त हवा. मी पंधरा वर्षं मुलांना वातावरणाचा दाब शिकवतोय. हवेला वजन असतं, हवा दाबता येते, लिहून घ्या. आणि माझी स्वतःची पोर इतके दिवस माळावर मूठभर हवेवर बसून उतारावरून येत होती, हे मला त्या स्टुलावर कळलं. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, हे कळायला माणसाला कधी कधी फार उशीर लागतो.

स्नेहलनं खालचे बोल्ट सैल केले, रबरी हातोडीनं दोन हलके ठोके दिले आणि खालच्या जाड नळ्यांची जोडी पायातला बूट काढावा तशी ओढून काढली. थाळीत तेल पडलं. आबा आणि मी दोघंही वाकलो.

तेल लाल होतं.

"हे काय?" स्नेहलनं बोट बुडवून नाकाशी नेलं. मग नळीच्या तोंडाशी असलेली स्पंजाची बारीक रिंग चिमट्यानं बाहेर काढली. ती नुसती लाल नव्हती, लालभडक होती, आणि तिच्यात तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता.

प्राचीनं कपाळावर हात मारला. "खंडेनवमी."

मग स्नेहललाच हसू आवरेना. "काका, दसरा-दिवाळीनंतर माझ्याकडं सगळी कुंकवाचीच गिऱ्हाइकं असतात. माझ्या आईनं तर माझ्याच सायकलीला लावलं होतं. पण अक्षत इतकी आत गेलेली मी पहिल्यांदा बघतेय."

नळी दरवेळी आत जाताना तोंडाशी लागलेलं थोडं थोडं कुंकू बरोबर घेऊन जात होती. माळावरची धूळ आणि माझ्या फवाऱ्याचं पाणी त्याच्या जोडीला. आत सगळ्याचा एक खरखरीत लेप झाला होता. स्नेहलनं नळी उजेडात धरून फिरवली. आरशावर केसाएवढी एक रेघ उमटली होती. "एवढ्यावर वाचलंय. अजून महिनाभर चालवली असती तर या नळ्याच बदलाव्या लागल्या असत्या. मग तुम्ही माझ्याशी घासाघीस केली नसती, भांडणच केलं असतं."

पुढचा बराच वेळ मी तिचे हात बघितले. ती प्रत्येक भाग पुसायची, उजेडात धरायची, नखानं चाचपायची, परत पुसायची. नव्या स्पंजाच्या रिंगा तेलात भिजत घातल्या होत्या. नवी सीलं गोल लाकडी ठोकळ्यानं दाबून सरळ बसवली. एक तिरकी बसली तशी काढली आणि परत बसवली. मधे बोल्टाखालची एक पातळ चकती टणकन् पडली आणि आम्ही चौघं गुडघ्यांवर आलो. आबांनी खिशातून लोहचुंबक काढलं, फिटर माणसाच्या खिशात ते असतंच, आणि मोठ्या ऐटीत फरशीवरून फिरवलं.

"आजोबा, ती ॲल्युमिनियमची आहे."

"ठाव हाय," आबा म्हणाले आणि चुंबक फिरवतच राहिले. चकती शेवटी त्यांच्याच धोतराच्या सोग्यात सापडली. स्नेहल म्हणाली, "याचे वेगळे पैसे लावू का?"

सगळं जोडून झालं. तिनं एका छोट्या पंपानं, काट्याकडं बघत, प्राचीच्या वजनापुरती हवा भरली. मग हँडल प्राचीच्या हातात दिलं. प्राचीनं दाबलं. मी आजवर त्या शॉकअपचा आवाज ऐकला होता. त्या दिवशी आवाज नसणं ऐकलं. नळ्या आत गेल्या आणि वर आल्या, झोपलेल्या लेकराचं पोट वर-खाली व्हावं तशा. आबांनी हात पुढं केला, तळवा नळीजवळ नेला आणि न लावताच मागं घेतला. गुडघ्याएवढ्या रोलरवर उभं आयुष्य गेलेला माणूस मी असा हात मागं घेताना प्रथमच पाहिला.

पैसे मी दिले. घासाघीस केली नाही.

पण खरं सांगायचं तर तेवढ्यानं प्रश्न मिटला नाही. अजूनही मळीचा वास आला की मी त्यावर विचार करतो. ती किंमत रास्त होती का? लेकीचे हात, लेकीची हाडं मधे आणली की कुठलीही किंमत रास्तच वाटायला लागते. म्हणून ती मधे आणायची नाही, असं मी ठरवलंय. आणणारे दुकानदार फार आहेत. सीलचं म्हणाल तर ती रबराची दोन कडी होती. त्यांचा भाव मला तेव्हा पटला नव्हता, आजही पटत नाही, आणि लावणारीलाही पटत नव्हता. हाताचं म्हणाल, तर मी तो हात बघितला होता. तिरकं बसलेलं सील कुणी न सांगता परत काढणारा. आत काय झालंय हे गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. तो बिचारा बाहेरची चकाकी बघून पैसे देतो आणि मनात कुरकुरतो. आमची कुरकुर ही बहुतेक न दिसलेल्या कामाची असते. आणि मला तर ते दिसलं होतं, म्हणजे माझी तेवढी सबबही गेली.

ब्लाउजच्या अस्तराकडं तरी आम्ही कुठं बघतो.

घरी जाताना प्राची म्हणाली, "आईला कुंकवाचं सांगू नका, हं. वाईट वाटेल तिला." आबांनी मान डोलावली, मी मान डोलावली. गेटमधून आत शिरताच मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, याबाबत आमच्या घरात एकमत आहे.

सुनीतानं मशीन थांबवलं. "आतपर्यंत गेलं होतं?"

"पार आतपर्यंत. अक्षतसुद्धा."

ती मशीनकडं बघत राहिली. "मशीनला मी कधी सुईपाशी लावत न्हाय. चाकाला लावते. तितं लावलं तर अडकणार, एवढं कळतं की मला." आणि जरा थांबून, "मग हितं कसं न्हाय कळलं?" तिनं किंमत विचारली नाही. मी ती सांगायची वाट बघत होतो.

चाचणीच्या दिवशी भाड्याची गाडी करून, मागं सायकल बांधून, आम्ही सगळे माळावर गेलो. थंडीची सकाळ, गवतावर दव, आणि लांब उसाच्या फडांवर धुक्याची पट्टी. वारा आमच्याकडं वळला की मळीचा पुसट वास इथपर्यंत यायचा. सुनीतानं डबा आणला होता आणि कपाळावर आठी. आदल्याच आठवड्यात तिनं आमच्या शेजारच्या बापूरावांना सांगून ठेवलं होतं, भाच्यासाठी सायकल बघत असाल तर थांबा, आमची निघेल बहुतेक. बापूराव थांबले होते. रोज सकाळी फाटकाशी येऊन सायकलीकडं एक नजर टाकून जायचे.

रस्ता माळाच्या टेकाडावरून उतरून कोरड्या ओढ्यातून जाणार होता. ओढ्यात गोटेच गोटे. तिथं फार कुणी उभं नव्हतं, कारण बघवत नव्हतं. सुनीता नेमकी तिथंच जाऊन उभी राहिली. पहिल्या मुली आल्या. गोट्यांवर सायकल आदळायची आणि त्यांची डोकी मागं-पुढं हलायची, दातावर दात आपटल्याचं ऐकू येईल की काय असं वाटायचं. एक पडली, उठली, गेली. सुनीतानं माझा दंड धरला.

मग प्राची आली.

खाली पुढचं चाक वेडंपिसं झालं होतं. गोट्यावर चढत होतं, फटीत पडत होतं, डावीकडं फेकलं जात होतं. त्याच्यावर त्या दोन नळ्या आत-बाहेर, आत-बाहेर, इतक्या झरझर की दिसेनात. आणि त्याच्यावर, हाताच्या अंतरावर, प्राचीची हनुवटी. सरळ. कुणीतरी दोरी बांधून आडवी ओढून न्यावी तशी, एका रेषेत, न हलता. खाली कल्लोळ आणि वर शांत पाणी. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा तिचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. ती कुठंतरी पुढं बघत होती, आणि तिचा चेहरा मी तोवर कधी पाहिलेला नव्हता. सतरा वर्षं ज्या पोरीला मी ओळखतो म्हणत होतो, ती माझ्यासमोरून एका अनोळखी चेहऱ्यानं निघून गेली, आणि मला त्याचं दुःख झालं नाही. मी भूगोलाचा माणूस. डोंगर, समुद्र, ज्वालामुखी सगळं मी कोरड्या डोळ्यांनी शिकवलंय.

सुनीतानं दंड सोडला नव्हता. ओढ्यातली धूळ खाली बसेपर्यंत ती तिकडंच बघत होती.

"गेली," ती म्हणाली. एवढंच.

निवड झाली नाही. तिघींना घेतलं, आमची चौथी आली. शेवटच्या चढावर एक इंदापूरची मुलगी तिच्या पुढं गेली. प्राचीनं तिच्या पाठीवर थाप मारली, पाणी प्यायली, डब्यातली पोळी आबांना दिली आणि स्वतः खाल्ली नाही. मग घरी निघालो. पुढं उसाची ट्रॉली होती, तिला ओलांडता येईना, आणि तिच्यावरचं लग्नातलं गाणं आम्हांला पूर्ण ऐकावं लागलं. प्राची खिडकीबाहेर बघत होती. अट तिला पाठ होती. कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती, म्हणूनच ती जास्त अवघड झाली होती.

फाटकाशी बापूराव उभे.

"काय झालं मग, वहिनी?" त्यांनी विचारलं, पण डोळे गाडीच्या मागं बांधलेल्या सायकलीवर. "झाली का निवड?"

"न्हाय झाली," सुनीता म्हणाली.

"आरं आरं." बापूरावांनी वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि तो फार वेळ टिकला नाही. "मग आता न्यावी का? पोरगं मागं लागलंय."

प्राचीनं सायकल सोडवायला सुरुवात केली. तिची बोटं दोरीच्या गाठीवर थांबली होती. आबा फाटकाकडं पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, मी काहीतरी बोलायला पाहिजे, आणि मी घसा खाकरला.

"न्या की," सुनीता म्हणाली. "पण बापूराव, एक सांगून ठिवते. ती म्होरली नळी हाय ना चकचकीत, तिची सर्व्हिसिंग करावी लागती. सारखी. आत हवा हाय, तेल हाय, सील हाय. समदं बाहीरनं येतं."

"मग? करू की. किती लागत्यात?"

सुनीतानं आकडा सांगितला. स्नेहलनं घेतलेल्या पैशांच्या चांगला दुप्पट होता. माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, तेवढ्यात आबांनी माझ्या पायावर पाय दिला.

बापूरावांचे डोळे सायकलीवरून हळूहळू सुनीताकडं आले. "एवढं? सायकलीच्या नळ्यांना?"

"दर दोन-तीन म्हैन्याला."

"मग वहिनी, ही तर लूट हाय!"

"व्हय तर," सुनीता म्हणाली, इतक्या मनापासून की क्षणभर मलाही पटलं. तिनं पुढं होऊन प्राचीच्या हातातली दोरी घेतली, गाठ सोडवली आणि सायकल स्वतः खाली उतरवली. "लई लूट हाय, बापूराव. तुमी नगा पडू त्यात. आमी पडलोय त्येवढं पुरं."